कॅन्सर योजनेतून बरा झाला, पण पिट्यूटरीचं कोण बघणार?

२०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. पुढं ती सगळ्या महाराष्ट्रात गेली, नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली, रेशनकार्डाचा रंग बघायचं पण थांबलं. चांगली योजना आहे, तिच्या विरोधात मला काहीच बोलायचं नाही. यंत्रमाग कामगाराच्या नाहीतर विड्या वळणाऱ्या बाईच्या पोराला ब्लड कॅन्सर निघाला तर पूर्वी दागिने, घर, जे असेल ते जायचं आणि बरेचदा पोरगंही जायचं, आता निदान केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, तरी पदरात पडतो. पण जरा वर्षं मोजून बघा. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या पोरांना सहाव्या-सातव्या वर्षी डोक्याला रेडिएशन मिळालं ती आता विशीला आलीत, आणि डोक्याच्या रेडिएशननं हार्मोनचं जे नुकसान होतं ते उपचाराच्या वेळी दिसतच नाही, ते दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, कधी दहा-पंधरा वर्षांनी वर येतं. म्हणजे योजनेतून वाचलेली पहिली पोरं आत्ता कुठं त्या टप्प्यात शिरायलेत, आणि त्यांच्यासाठी योजनेत खिडकीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या योजनेच्या पैशानं रेडिएशन दिलं, त्याच योजनेच्या पैशानं त्या रेडिएशननं बिघडलेल्या पिट्यूटरीची, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोनच्या ग्रंथीची, तपासणी आणि औषधं झाली पाहिजेत, आणि ती आयुष्यभर झाली पाहिजेत. ह्याला कृपा करून मदत, अनुदान, सहानुभूती असलं काही म्हणू नका. तो त्याच उपचाराचा राहिलेला भाग आहे.

मी डॉक्टर नाही, मेडिकल चालवतो. काउंटरच्या आतल्या बाजूनं वर्षानुवर्षं चिठ्ठ्या वाचल्या की माणसाला डॉक्टरकी येत नाही, पण कुठली चिठ्ठी विचित्र आहे एवढं कळायला लागतं. उदाहरण सांगतो. आमच्याकडं एक पोरगा येतो, वडील चादरीच्या कारखान्यात, लहानपणी मेंदूतली गाठ काढलेली, नंतर डोक्याला आणि पाठीच्या मणक्याला शेक. वय एकवीस, दिसतो चौदा-पंधराचा, पोट सुटलेलं आणि हातपाय बारीक. त्याच्या चिठ्ठीवर काय काय येऊन गेलं तर टॉनिक, बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं, व्हिटॅमिन डी, मग डिप्रेशनची गोळी, आणि शेवटी कोलेस्टेरॉलची गोळी. एकवीस वर्षांच्या पोराला कोलेस्टेरॉलची गोळी! प्रत्येक डॉक्टरनं समोर दिसलं त्याच्यावर औषध दिलं, सगळ्यांचं मूळ एका जागी असेल का हे बघायला कुणी जुनी फाईल मागितली नाही. आणि मागितली असती तरी तिच्यात काही नव्हतं, डिस्चार्ज कार्डावर एक ओळ, रेडिएशन पूर्ण झालं. किती ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसाचं माप), कुठल्या भागाला, किती दिवसांत, काही नाही. घरचे म्हणतात आळशी झालाय, मोबाईल बघत पडून असतो.

आता ह्याच्यामागचं शास्त्र थोडं सांगायला लागतं, नाहीतर पुढचा मुद्दा कळायचा नाही. पिट्यूटरी म्हणजे शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका ग्रंथी, वाटाण्याएवढी, नाकाच्या मुळाच्या मागं मेंदूच्या खाली हाडाच्या खोबणीत बसलेली. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम स्वतः कोयता चालवत नाही, पण तो नसला की टोळी फडात नुसती बसून राहते, तसं हिचं आहे. थायरॉईडला, किडनीवर बसलेल्या अड्रीनल ग्रंथीला, अंडाशयाला-वृषणाला काम हिनं सांगायचं, ग्रोथ हार्मोन स्वतः सोडायचं, आणि मागच्या भागातून शरीरातलं पाणी राखणारं हार्मोन सोडायचं. हिच्यावर हुकूम चालतो हायपोथॅलॅमस नावाच्या मेंदूच्या भागाचा, आणि रेडिएशन त्याला पिट्यूटरीपेक्षाही कमी सोसतं.

रेडिएशनमध्ये सगळ्यात आधी मार खातं ते ग्रोथ हार्मोन. ह्या भागाला साधारण १८ ग्रे किंवा जास्त डोस गेला की ग्रोथ हार्मोन कमी पडायचा धोका धरूनच चालायचं, ३० ग्रेच्या पुढं थायरॉईडला, अड्रीनलला आणि पाळी-पौगंडाला हुकूम देणारी हार्मोनं पण जायला लागतात. आता मेड्युलोब्लास्टोमा नावाची पोरांच्या मेंदूतली गाठ घ्या, तिच्यात पूर्ण डोकं आणि मणक्याला २३.४ ग्रे, धोका जास्त असेल तर ३६, आणि गाठीच्या जागेला एकूण ५४ पर्यंत. म्हणजे पोरगं वाचलं तर पिट्यूटरीचा प्रश्न येणार हे उपचाराच्या पहिल्या दिवशीच माहीत असतं. ब्लड कॅन्सरमध्ये पूर्वी डोक्याला २४ ग्रे द्यायचे, मग १८ वर आणलं, मग १२ वर, आणि आता बऱ्याच ठिकाणी मणक्यातून औषध देऊन डोक्याचा शेक टाळतातच. हे डॉक्टर लोकांनीच केलं, नुकसान मोजून केलं, त्यांना मानलं पाहिजे. पण जी पोरं जुन्या डोसात निघाली ती कुठं गेली? ती इथंच आहेत, अशोक चौकात, नीलम नगरात, कुंभारीच्या विडी घरकुलात, अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या खेड्यांत.

एक गोष्ट तर आईबापांना कुणी सांगतच नाही. कमी डोसाचं रेडिएशन, खास करून पोरींना, वयात लवकर आणतं. आठव्या वर्षी अंग भरायला लागलं की उंची पण थोडी वाढते, घरचे खूश, कॅन्सरमधून उठली आणि बघा कशी भरली. खरं तर आत ग्रोथ हार्मोन कमीच असतं, लवकर आलेल्या वयानं ते झाकलेलं असतं, आणि हाडांची टोकं लवकर बंद होऊन उंची जिथल्या तिथं थांबते. मग बारा-तेराव्या वर्षी दाखवायला नेलं तर हातात काही उरत नाही. ज्यांच्या मणक्याला शेक मिळालाय त्यांचं अजून वेगळं, पाय वाढतात आणि धड आखूड राहतं, म्हणून त्यांची बसल्यावरची उंची वेगळी मोजायची असते. आपल्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा पथक येऊन उंची-वजन घेतं. म्हणजे मोजपट्टी आहे, माणूस आहे, वही आहे. वर्षाला चार सेंटीमीटरपेक्षा कमी वाढलेलं आणि पूर्वी कॅन्सर होऊन गेलेलं पोरगं दिसलं की त्याला वर पाठवा, एवढी एक सूचना त्या पथकाला मिळाली तरी निम्मं काम होईल.

पण मला खरं लिहायचंय ते मोठ्यांबद्दल. कारण उंचीचा विषय निघाला की सगळ्यांना मेस्सी आठवतो, त्याला लहानपणी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं मिळाली आणि पुढचं जगाला माहीत आहे, त्यामुळं लोकांच्या डोक्यात बसलंय की हे उंचीचं औषध आहे आणि उंची थांबली की विषय संपला. तसं नाहीये. मोठ्या माणसात हेच हार्मोन स्नायू राखतं, पोटाची चरबी, कोलेस्टेरॉल, हाडांची घनता, दिवसभराची ताकद सगळ्यात त्याचा हात असतो. त्या एकवीस वर्षांच्या पोराची चिठ्ठी परत वाचा, पोट, थकवा, कोलेस्टेरॉल, उदासी, एकेक करून सगळं त्यात आहे.

तरी पण, आणि इथं माझे काही ओळखीचे पालक माझ्यावर चिडतील, ग्रोथ हार्मोन रांगेत पहिलं नाही. पहिलं आहे कॉर्टिसोल, अड्रीनलमधून येणारं, आजारपणात शरीराला सावरणारं हार्मोन. ताप आला, जुलाब झाले, ऑपरेशन झालं की धडधाकट माणसाचं शरीर आपोआप जास्त कॉर्टिसोल सोडतं. ज्याची पिट्यूटरी हुकूमच देत नाही त्याला रोजची गोळी तर लागतेच, शिवाय आजारपणात ती दुप्पट-तिप्पट करायला लागते, आणि उलट्या सुरू होऊन गोळी पोटात राहत नसेल तर १०० मिलीग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसोलचं (हेच ते स्टेरॉइड), इंजेक्शन ताबडतोब. ते इंजेक्शन काही हजारांचं नाही, कुठल्याही बऱ्या दवाखान्याच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये असतं. पण रात्री दोन वाजता बीपी पडलेला पेशंट घेऊन गेलात आणि त्याची पिट्यूटरी गेलेली आहे हे कुठं लिहिलेलंच नसेल तर डॉक्टर काय करणार, सलाईन लावणार, अँटिबायोटिक देणार, डेंग्यूची टेस्ट पाठवणार, आणि पेशंट हातातून जाईल. ह्या एका गोष्टीसाठी खिशात एक कार्ड असलं पाहिजे, मराठीत, आणि सोलापुरात तर कन्नड-तेलुगूत पण, की मला स्टेरॉइडची गोळी चालू आहे, बंद करू नका, बेशुद्ध असलो तर आधी हे इंजेक्शन द्या. त्याला बजेट लागत नाही, छापखाना लागतो.

आणि गोळीचं काय? हायड्रोकॉर्टिसोनची गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण आमच्या धंद्यात ती अशी वस्तू आहे की स्टॉकिस्टला फोन केला की शॉर्ट आहे म्हणतो, आली की चार पट्ट्या येतात. खपच नाही तर ठेवणार कोण? प्रेडनिसोलोन मात्र पाहिजे तेवढं, स्वस्त, आणि गरीब पेशंटला त्याच्यावर चालवतातही. दुकानदार म्हणून मी एवढंच सांगू शकतो की ज्या औषधाला गिऱ्हाईक थोडं पण न मिळाल्यास जीव जाणार, ते बाजाराच्या भरवशावर ठेवायचं नसतं, ते सिव्हिलच्या स्टोअरमधून मिळालं पाहिजे.

दुसरं थायरॉईड. इथं तर फार पैसे लागत नाहीत, फक्त योग्य टेस्ट लिहून द्यायला लागते. आपल्याकडं थायरॉईड बघायचं म्हणजे टीएसएच, तो नॉर्मल आला की विषय बंद. पण टीएसएच सोडते पिट्यूटरीच! तीच आजारी असेल तर टीएसएच नॉर्मल दिसेल आणि खरं थायरॉईड हार्मोन तळाला गेलेलं असेल. म्हणून डोक्याला रेडिएशन मिळालेल्या माणसाची फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं खरं हार्मोन मोजणारी टेस्ट, करायचीच असते, नुसत्या टीएसएचवर जायचंच नसतं. ती टेस्ट सोलापुरातली कुठलीही बरी लॅब करते. आणि अजून एक, कॉर्टिसोल न तपासता आधी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, चालू केलं तर असलेलं थोडंबहुत कॉर्टिसोल पण लवकर खर्च होतं आणि पेशंटच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी स्टेरॉइड, मग थायरॉईड. हे सगळं २०१८ च्या एंडोक्राईन सोसायटीच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, गाईडलाईनमध्ये आणि त्याच्या आधीपासूनच्या पुस्तकांत आहे, ३० ग्रेच्या वर डोस मिळालेल्यांना ह्या दोन तपासण्या दरवर्षी, जन्मभर करायला सांगितल्यात. काही अमेरिकेतलं आक्रीत नाही.

मग पाळी-पौगंडाची हार्मोनं. ह्याच्यावर बोलायला घरात लाज आणि दवाखान्यात वेळ नाही, त्यामुळं पोरीचं लग्न ठरायच्या वेळी एकदम विषय निघतो, आणि पोराला मिसरूड फुटली नाही म्हणून गावात चिडवतात तेव्हा. उपचार आहेत, बरेच स्वस्त आहेत.

आता ग्रोथ हार्मोन. मोठ्या माणसाला ते द्यावं का, सरकारी पैशानं द्यावं का? माझं उत्तर, द्यावं, पण सरसकट नाही. ब्रिटननं २००३ पासून ह्याच्यावर एक नियम लावलाय तो मला पटतो. तपासणीत तीव्र कमतरता दिसली पाहिजे, बाकीच्या हार्मोनची भरपाई आधी झालेली पाहिजे, आणि २५ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात, थकवा किती, लोकांत मिसळावंसं वाटतं का, असलं. त्यात किमान ११ गुणांएवढा त्रास असला तर औषध सुरू, नऊ महिन्यांनी परत तोच फॉर्म, निदान ७ गुणांचा फरक पडला नाही तर बंद. किती सरळ आहे बघा. आणि त्यात पंचवीस वर्षांच्या आतल्यांसाठी वेगळी वाट आहे, हाडं पूर्ण भरेपर्यंत त्यांना द्यायचंच, कारण तरुणपणी हाड भरलं नाही तर पुढं पन्नाशीत काय होणार हे सांगायला नको. आपली जीवनदायीवाली पोरं नेमकी ह्याच वयात आहेत आत्ता.

खर्चाचा बाऊ पण जरा जास्तच केला जातो. तीस किलोच्या पोराला रोज साधारण एक मिलीग्रॅम लागतं, मोठ्या माणसाला सुरुवात ०.२ ते ०.४ मिलीग्रॅमवर होते. म्हणजे निदान सुरुवातीला तरी मोठ्याचा खर्च पोराच्या निम्म्याहून कमी. तपासणीचं म्हणाल तर ग्रोथ हार्मोन झटक्याझटक्यानं सुटतं, म्हणून रक्त काढून एकदा मोजण्यात अर्थ नाही, इन्शुलिन नाहीतर ग्लुकॅगॉन देऊन तासन्‌तास सॅम्पल घ्यायला लागतात, आणि रेडिएशनवाल्या पेशंटमध्ये आयजीएफ-वन (ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) नॉर्मल आला तरी कमतरता असू शकते. पण ज्याची पिट्यूटरीची बाकीची तीन हार्मोनं गेलीत आणि आयजीएफ-वन पण तळाला आहे, त्याला ही मोठी टेस्ट करायची गरजच राहत नाही. सगळ्यात जास्त त्रासातल्या पेशंटचं निदान असं सगळ्यात स्वस्तात होतं. इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायला लागतं आणि सोलापूरचा मे महिना आपल्याला माहीत आहे, पण इन्शुलिन पण तसंच ठेवतो की आपण, तोच फ्रीज.

इथं एक गंमत सांगायची राहिली. हे हार्मोन ज्याला पाहिजे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको तो मागत येतो. जिममधली पोरं काउंटरवर येऊन जीएच, म्हणजे ग्रोथ हार्मोन, आहे का विचारतात, कुणीतरी ट्रेनरनं सांगितलेलं असतं. धडधाकट शरीरात वरून टाकलं तर साखर वाढते, सांधे दुखतात, अंगावर सूज येते, आणि खेळाडू असेल तर डोपिंगमध्ये सापडतो. चिठ्ठी विचारली की परत जातात. सगळ्याच काउंटरवरून परत जात असतील असं मी म्हणणार नाही.

भीतीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो टोलवून चालणार नाही. ज्याला एकदा कॅन्सर झाला त्याला पेशी वाढवणारं हार्मोन टोचायचं? आई घाबरणारच. आणि ह्या औषधाचा इतिहासही काळा आहे, १९५८ पासून हे हार्मोन मेलेल्या माणसांच्या पिट्यूटरीतून काढून पोरांना द्यायचे, त्यातून काहींना मेंदूचा क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार झाला, म्हणून १९८५ मध्ये ते बंद केलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेलं आलं. आज मिळतं ते हेच, त्याच्यातून तो आजार येत नाही. कॅन्सरचं म्हणाल तर अमेरिकेतल्या चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडीत हजारो वाचलेल्यांना वर्षानुवर्षं बघितलं, त्यात मूळ कॅन्सर परत यायचं प्रमाण ह्या इंजेक्शननं वाढलेलं दिसलं नाही. दुसरी नवीन गाठ यायचा धोका सुरुवातीच्या आकड्यांत थोडा जास्त दिसला, त्यात मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणावरची गाठ, जास्त, पण जशी वर्षं गेली तसा तो फरक कमी होत गेला, आणि डोक्याला रेडिएशन झालेल्यांना मेनिंजिओमाचा धोका इंजेक्शन न घेताही असतोच. म्हणून चालू कॅन्सरमध्ये अजिबात द्यायचं नाही, उपचार संपून निदान वर्षभर गाठ दिसत नसेल तरच विचार करायचा, आणि देताना पेशंट-नातेवाईकांशी उघड बोलायचं. घाबरून कुणालाच न देणं हा सावधपणा नाही, तो नुसता फाईल बंद करायचा सोपा रस्ता आहे.

सरकार म्हणेल आम्ही केलंय की. केलंय, कागदावर. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात दुसऱ्या गटात सिद्ध झालेल्या ग्रोथ हार्मोन कमतरतेचं नाव आहे, २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली. पण ती मिळायची ठरवून दिलेल्या केंद्रातून, आणि महाराष्ट्राचं सुरुवातीचं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम. टाटा हॉस्पिटलनं तर १९९१ मध्येच उपचार संपलेल्या पोरांसाठी वेगळं क्लिनिक काढलं, देशात पहिल्या काहींत ते, आणि तिथं हे सगळं नीट बघतात. पण सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर जायचं, दिवसभर लाईनीत बसायचं, परत रात्रभर यायचं, सोबत बाप पाहिजे, बापाची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. कॅन्सर असताना लोक हे करतात, उधारी करून करतात. कॅन्सर नाही, नुसती तपासणी आहे म्हटल्यावर कोण जातं? एक-दोन वर्षं जातात, मग पोरगं मोठं होतं, कामाला लागतं, आणि जाणं सुटतं. आणि ह्या आजाराला दुर्मिळ म्हणायचं मला पटतच नाही. दुर्मिळ म्हणजे जो कुणाला होईल सांगता येत नाही तो. इथं कुणाला होणार त्यांची नावं-पत्ते योजनेच्याच कॉम्प्युटरमध्ये आहेत.

मग सोलापूरला अशी किती पोरं असणार, त्यांच्यासाठी वेगळं क्लिनिक कशाला, असं विचारणारे पण आहेत. ह्याला दोन उत्तरं. एक तर पिट्यूटरी जायची कारणं आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. बाळंतपणात रक्त फार गेलं, नंतर दूध आलंच नाही, पाळी परत आली नाही, बाई कायमची गळाल्यासारखी झाली, ह्याला शीहान सिंड्रोम म्हणतात, काश्मीरमधल्या पाहणीत वीस वर्षांवरच्या बायकांत ते सुमारे ३ टक्के निघालं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं घरी झालेली. आपल्याकडं कुणी असं मोजलं का? घोणस चावून वाचलेला शेतकरी घ्या, घोणशीच्या विषानं किडनी जाते हे सगळ्यांना माहीत, पिट्यूटरी पण जाऊ शकते हे भारतातल्याच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, तो माणूस पुढं वर्षानुवर्षं अशक्त म्हणून टॉनिक पीत बसतो. बिनहेल्मेटचा मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला तर रोज एक येत असेल, त्यातही हे होतं. टीबीचा मेंदूज्वर झालेल्यांतही. आणि लहानपणी पिट्यूटरीजवळची क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ काढलेली पोरं, ती तर कॅन्सरच्या यादीत येतच नाहीत कारण गाठ साधी असते, पण ऑपरेशननंतर बहुतेक सगळी हार्मोनं जातात आणि दिवसभर घागरीनं पाणी प्यायची वेळ येते. ह्या सगळ्यांना एकाच ओपीडीची गरज आहे.

दुसरं उत्तर असं की आपला जिल्हा मोजायला शिकलेला आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, गावोगाव फिरून कुणाला कॅन्सर झाला, कोण गेलं ह्याची नोंद होते, सगळ्या जगातले डॉक्टर बार्शीचे आकडे वापरतात. ज्या तालुक्यानं हे करून दाखवलं त्या जिल्ह्यात वाचलेल्या पोरांचं पुढं काय झालं एवढा एक रकाना वाढवणं अवघड आहे असं कुणी म्हणू नये.

मागणी म्हणून सांगायचं तर फार थोडी आहे. योजनेतून रेडिएशन मिळालेल्या प्रत्येक पोराला जाताना एक पानाचा कागद, त्याच्यावर औषधांची नावं, डोस ग्रेमध्ये, कुठल्या भागाला, आणि पुढं कुठल्या वर्षी काय तपासायचं. तो कागद दिल्याशिवाय हॉस्पिटलचं शेवटचं बिल पास करू नका, उद्यापासून सगळे देतील. योजनेचं सध्याचं बहुतेक गणित ॲडमिट झालं, पॅकेज लागलं, डिस्चार्ज झाला असं आहे, त्यात जन्मभर घ्यायच्या गोळीला जागा नाही, ती काढायला लागेल. सिव्हिलला महिन्यातून एक दिवस हार्मोनची ओपीडी, मेडिसिनचे डॉक्टर आपल्याकडं आहेत, मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, अडलं तर ई-संजीवनीवरून (सरकारची ऑनलाईन सल्ल्याची सेवा) मुंबईच्या एंडोक्राईन डॉक्टरला विचारायचं. फ्री टी-फोर, सकाळी आठचं कॉर्टिसोल, सोडियम, साखर. हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन फुकट. त्याच्यानंतर, निवडून, नियम लावून, ग्रोथ हार्मोन. जिल्हा नियोजन समितीला ह्याच्यापेक्षा मोठे आकडे दर बैठकीत मंजूर करायची सवय आहे. अडचण एकच दिसते, ह्याच्यात बांधकाम नाही, त्यामुळं भूमिपूजन करता येणार नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी असं पोरगं किंवा आता मोठा झालेला माणूस आहे त्यांनी जिथं शेक दिला तिथल्या रेडिएशन विभागात जाऊन डोसाचा रिपोर्ट लेखी मागून घ्या, तो त्यांच्या रेकॉर्डला असतो, आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडं थकव्यासाठी जाल तेव्हा टॉनिकची चिठ्ठी लिहायच्या आधी तो रिपोर्ट टेबलावर ठेवा.